डबा जुना, रूळ नवे

बाळापूरला स्वतःचं रेल्वेस्टेशन नाही. जवळचं स्टेशन पारस. तरीही रुळांच्या तिन्ही जाती बघायला बाळापूरच्या माणसाला फार लांब जावं लागत नसे. पारसवरून जाणारी मुंबई-नागपूर मोठी लाइन १,६७६ मिलिमीटर रुंदीची. अकोल्याहून अकोट आणि धूळघाटमार्गे खंडव्याकडे निघणारी मीटरगेज बरोबर एक मीटरची. आणि मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर गाठणारी शकुंतला अवघ्या ७६२ मिलिमीटरची. यातली अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला रुळांची रुंदी बदलण्यासाठी बंद झाली आणि पुढे शकुंतलाही थांबली. आता या गाड्या धावतात त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ट्रेन सिम्युलेटर हा खेळ आणला. त्यात सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. भारतीय इंजिनं, डबे, स्टेशनं पुढे हौशी मंडळींनीच घडवली आणि रंगवलीही. एकाने घडवलेल्या डब्याच्या सांगाड्यावर दुसऱ्याने नवा रंग, नवा नंबर, नवी धूळ चढवायची, याला या छंदात ‘रिपेंट’ म्हणतात. हा लेख असं रंगकाम करणाऱ्यांसाठी आहे. विमानं, बस किंवा ट्रक रंगवणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडेल.

या मंडळींची अडचण ठरावीक असते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं सगळं काम फोटोशॉप ७ किंवा पेंट शॉप प्रो ७ मध्ये झालेलं असतं. हात त्याच ब्रशला, त्याच मेनूला सरावलेला असतो. आणि एक दिवस जुना कॉम्प्युटर मान टाकतो, घरात विंडोज ११ चा लॅपटॉप येतो आणि प्रश्न पडतो की जुनं सॉफ्टवेअर यावर चालेल का. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पुष्कळदा ते चालतं. कधी सहज, कधी थोड्या खटपटीने. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्यात केलेलं काम त्याच्याशिवाय उघडतं का? उघडत असेल, तर जुनं सॉफ्टवेअर खुशाल वापरावं, त्यात मागासलेपणा काही नाही. उघडत नसेल, तर ते आज कितीही सुरळीत चालत असलं तरी तुमचं काम अडकलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, आणि पुढचा सगळा सल्ला त्याच्याच आधाराने आहे.

आधी गेज बघा

मीटरगेजचा डबा बंद झाला तेव्हा तो मोडलेला नव्हता. चाकं ठीक, बाकं ठीक, पंखे ठीक. खालचे रूळ तेवढे काढले गेले. जुन्या सॉफ्टवेअरचंही तसंच होतं. सीडीवरचा प्रोग्राम कुजत नाही, त्याच्याखालची विंडोज बदलते. म्हणून खटपट सुरू करण्याआधी आपला प्रोग्राम कोणत्या गेजचा आहे ते बघावं. १६ बिटचा, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातला प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे तिथे हा विषय संपला. कोणतीही सेटिंग बदलून उपयोग नाही. ३२ बिटचे प्रोग्राम मात्र आजच्या विंडोजवरही चालवण्याची सोय आहे आणि विंडोज ९५ नंतरची बहुतेक चित्रांची सॉफ्टवेअरं या वर्गात मोडतात. यात एक फसवी जागा आहे. काही सीड्यांवर प्रोग्राम ३२ बिटचा, पण तो बसवणारं सेटअप १६ बिटचं असतं. अशा वेळी सेटअप उघडताच ‘हे ॲप या पीसीवर चालणार नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो आणि माणूस प्रोग्रामलाच दोष देऊन सीडी कपाटात परत ठेवतो. तिथे अडचण दाराची असते, घराची नसते. ॲपलवाल्यांची गोष्ट जास्त कडक आहे. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटचे प्रोग्राम चालणं थांबलं, त्यामुळे तिथे जुन्या आवृत्तीचा हट्ट धरण्यात अर्थ उरत नाही.

चालवून पाहण्याचा क्रम

गेज जुळत असेल तर पुढची पायरी प्रोग्राम बसवण्याची. ती घाईने करू नये, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोग्राम आपल्याच फोल्डरमध्ये सेटिंग, ब्रश, कधी तात्पुरत्या फाइलीही लिहीत. व्हिस्टापासून विंडोजने ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरवर पहारा बसवला. आता जुना प्रोग्राम तिथे काही लिहायला गेला, तर विंडोज ती फाइल गुपचूप वापरणाऱ्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवते. मग नवीन ब्रश बसवूनही दिसत नाहीत, सेटिंग टिकत नाही आणि फाइल सेव्ह केली तिथे सापडत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये न बसवता सी ड्राइव्हवर स्वतःचं वेगळं फोल्डर करून तिथे बसवावा, आणि चित्रं कायम तिसऱ्याच, आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत.

प्रोग्राम बसला, उघडला, पण विचित्र वागतोय, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला कम्पॅटिबिलिटी हा भाग उघडावा. इथे सगळ्या खुणा एकदम करण्याचा मोह होतो, तो टाळावा. एका वेळी एकच खूण, मग प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडणं, मग पुढची. नाहीतर कोणत्या गोळीने ताप उतरला ते कळत नाही. पहिली खूण ‘एक्सपी सर्व्हिस पॅक ३’ या जुन्या अवताराची. दुसरी पडद्याची. आजच्या लॅपटॉपच्या बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर जुन्या प्रोग्रामची बटणं मोहरीएवढी दिसतात किंवा सगळं चित्र धुरकट ताणलेलं येतं. त्यासाठी याच भागातल्या ‘हाय डीपीआय’ सेटिंगमध्ये मोजमाप ‘सिस्टीम’कडे द्यायचं की ‘ॲप्लिकेशन’कडे, हे निवडता येतं. ‘सिस्टीम’ निवडलं तर बटणं मोठी होतात, पण चित्राचा ठिपकाही ताणला जातो. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर ठिपका खरा दिसतो, बटणं बारीक राहतात. रंगकाम ठिपक्यांत चालतं, म्हणून डोळ्यांना झेपेल तोवर दुसरा पर्याय घ्यावा किंवा पडद्याचं रिझोल्यूशनच काम करताना कमी करावं. तिसरी गोष्ट पेन-टॅब्लेटची. जुने प्रोग्राम विनटॅब नावाच्या पद्धतीने पेनाचा दाब वाचतात, नवी विंडोज ‘विंडोज इंक’ पुढे करते. पेन चालतो पण रेघेची जाडी बदलत नाही, अशी तक्रार असेल तर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज इंक’ची खूण काढून बघावी.

मेमरीचीही एक गंमत आहे. ३२ बिटच्या प्रोग्रामला साधारणपणे २ गीगाबाइटच मेमरी हाताशी मिळते. लॅपटॉपमध्ये १६ गीगाबाइट असली तरी त्याला तिचा उपयोग नाही. उलट इतकी मेमरी किंवा इतकी मोठी डिस्क समोर आली की काही जुन्या प्रोग्रामांची आकडेमोडच कोलमडते. ३२ बिटमध्ये धन-ऋण मोजणारा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला की तो उलटून उणे होतो, आणि रिकामी डिस्क समोर असताना प्रोग्राम ‘जागा नाही’ म्हणून बसतो. असं झालं तर प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइलींसाठी काही गीगाबाइटचा छोटा वेगळा भाग डिस्कवर करून द्यावा. रिपेंटला एवढी मेमरी लागतही नाही. रेल्वेच्या डब्याचं चित्र ५१२ किंवा १,०२४ ठिपक्यांचं. २००२ च्या फोटोशॉप ७ ला ते आजही किरकोळ काम आहे. जुनं सॉफ्टवेअर या छंदात अजून टिकून आहे, त्यामागचं एक कारण हेच.

एवढं करूनही गाडी हलली नाही तर तिच्यासाठी तिचेच रूळ टाकावे लागतात. शकुंतलेचं उदाहरण इथे अनेकांच्या तोंडी येतं: १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत, सत्तर वर्षं गाडी ओढत राहिलं, मग वीस वर्षांचं सॉफ्टवेअर का चालू नये? दाखला खरा आहे, पण त्यातला अर्धा भाग सुटतो. ते इंजिन सत्तर वर्षं चाललं, कारण ७६२ मिलिमीटरचे रूळही तितकीच वर्षं त्याच्याखाली राहिले. मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर ते एक फूटही सरकलं नसतं. सॉफ्टवेअरला असे रूळ व्हर्च्युअल मशीनमध्ये मिळतात. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामने चालू विंडोजच्या पोटात एक आभासी कॉम्प्युटर तयार होतो. त्यावर आपल्याकडच्या परवान्याची विंडोज एक्सपी बसवायची आणि तिच्यावर जुना प्रोग्राम. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबलं, म्हणून या आभासी कॉम्प्युटरचं नेटवर्क पहिल्याच दिवशी बंद करून टाकावं. चित्रांची ने-आण एका सामायिक फोल्डरमधून होते, तेवढी पुरते. पेनाचा दाब मात्र आत सहसा पोचत नाही. माउसने रंगवणाऱ्यांना याचा त्रास नाही, पेनवाल्यांनी आधी तपासून घ्यावं. सगळं नीट बसल्यावर त्या अवस्थेचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला की पुढे काही बिघडलं तर दोन मिनिटांत तिथे परत येता येतं. या सगळ्या खटपटीला एक रविवार द्यावा. दुसरा रविवारही त्यात जात असेल, तर आपण डबे रंगवणं सोडून विंडोज दुरुस्त करतोय, हे ओळखून नव्या प्रोग्रामकडे वळावं.

डब्याच्या जवळ जाऊन

आता प्रत्यक्ष डबा घ्या, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतील. मीटरगेजचा डबा साधारण १९.५ मीटर लांब. त्याची एक बाजू ५१२ ठिपक्यांत बसवली तर एका ठिपक्याच्या वाट्याला जवळपास ३.८ सेंटिमीटर येतात. म्हणजे डब्यावरचं दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर तीन ठिपकेही भरत नाही. ते वाचता येईल असं लिहिण्याचा हट्ट सोडून फिकट डाग म्हणूनच उमटवावं लागतं. तेच चित्र २,०४८ ठिपक्यांचं केलं तर एका ठिपक्यात एक सेंटिमीटरही राहत नाही आणि अक्षर खरोखर वाचता येतं. ट्रेन सिम्युलेटरच्या फाइली ज्यात चालतात तो ओपन रेल्स हा मोफत प्रोग्राम आज अशी मोठी चित्रं आणि डीडीएस फाइली स्वीकारतो. जुना फोटोशॉप हे मोठं चित्र सहज पेलतो. तो अडतो वेगळ्याच ठिकाणी.

तो अडतो देवनागरीपाशी. अकोला-खंडवा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेचा, म्हणून डब्यावर ‘द म रे’ ही अक्षरं. ती सुटी असल्याने उमटतात. पण बाजूच्या स्टेशनच्या पाटीवर ‘मूर्तिजापूर’ लिहायला जा. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते आणि दाखवताना ती आधी आणून बसवणं, रफार वर चढवणं हे काम प्रोग्रामच्या अक्षरयंत्राचं. जुन्या फोटोशॉपला ते येत नाही, त्यामुळे ‘र्ति’चा रफार पाय मोडून पडतो आणि वेलांटी भलत्याच जागी लटकते. त्याहून जुन्या काही प्रोग्रामांत तर नुसती प्रश्नचिन्हं येतात. त्या काळी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटांनी हे भागवलं जाई. तिथे आत साठवलेली अक्षरं खरं तर रोमन असत आणि फाँट त्यांना देवनागरी मुखवटा चढवी. म्हणून आपल्या जुन्या फाइलीत असे मजकुराचे लेअर असतील तर तो फाँट हाताशी असेपर्यंत त्यांची साध्या चित्रात रूपांतर केलेली एक प्रत करून ठेवावी. फाँट हरवला की ‘अकोट’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. आणि नवी पाटी लिहायची तर ती गिंप किंवा इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये लिहावी, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत काढावी आणि जुन्या प्रोग्राममध्ये नेऊन डब्यावर चिकटवावी. जुनं आणि नवं शेजारी ठेवून काम केलं तर कोणा एकाची लाचारी उरत नाही.

दुसरी जागा खिडक्यांची. टीजीए फाइलीत रंगांच्या तीन थरांखेरीज पारदर्शकतेचा चौथा थर असतो. खिडकीची काच कुठे आरपार दिसावी ते तो सांगतो. फोटोशॉप ७.० ने हा चौथा थर सेव्ह करण्याची जुनी रीत बदलली, वापरणाऱ्यांची पंचाईत झाली आणि ७.०.१ मध्ये जुनी रीत परत आली. नावाला एकच असलेल्या दोन प्रोग्रामांमध्ये एका बिंदूपलीकडच्या आकड्याने डब्याच्या सगळ्या खिडक्यांवर पत्रा ठोकला जाऊ शकतो. तेव्हा ‘माझ्याकडे फोटोशॉप ७ आहे’ एवढं पुरेसं नसतं, नेमकी आवृत्ती लिहून ठेवावी लागते. तिसरी जागा शेवटच्या सेव्हची. डीडीएस फाइलीची डीएक्सटी-१ ही रूढ पद्धत चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातल्या सोळा ठिपक्यांना मिळून चारच छटा देते. दोन साठवलेल्या, दोन त्यांच्यामधून काढलेल्या. त्यामुळे ५१२ बाय ५१२ चं ७६८ किलोबाइटचं चित्र १२८ किलोबाइटमध्ये बसतं, पण तपकिरी-लाल पत्रा, पिवळी अक्षरं आणि खिडकीचे काळे गज एकाच चौकोनात आले की पिवळ्यात मळकट लाल मिसळतो. म्हणून बारीक पट्टे आणि अक्षरं शक्यतो चाराच्या पटीतल्या रेषेपासून सुरू करावीत, आणि दाबलेली डीडीएस पुन्हा उघडून त्यावरच रंगवत बसू नये. दर फेरीला रंग आणखी गढूळ होतो. मूळ फाइल लेअरची. डीडीएस हा फक्त तिचा छापील कागद.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप नव्याच्या बाजूचा असतो. गिंप, क्रिता, पेंट डॉट नेट फुकट मिळतात, गिंप आणि पेंट डॉट नेट डीडीएसही उघडतात, देवनागरी गिंपमध्ये नीट उमटते. मग जुन्याचा आटापिटा कशाला? जो आज छंद सुरू करतोय त्याच्यासाठी हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्याने जुन्या सीडीच्या शोधात पडूच नये. पण ज्याच्याकडे शंभर-दीडशे डब्यांच्या लेअरच्या फाइली आहेत, त्याचा हिशेब वेगळा. त्या फाइलींमधल्या सावल्या, चमक असे लेअर इफेक्ट दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेहमीच जसेच्या तसे उतरत नाहीत. जुन्या ३२ बिटच्या प्लगइन ६४ बिटच्या प्रोग्राममध्ये बसत नाहीत. आणि हाताची सवय ही दहा वर्षांची कमाई आहे. अशा माणसाला जुना प्रोग्राम हवा तो जुनं काम उघडायला आणि नीट बाहेर काढायला. नवा डबा सुरू करायचा तर तो नव्यात करावा. हात हळूहळू वळतो.

दुसरा आक्षेप: नवा लॅपटॉप राहू द्या, जुना कॉम्प्युटरच दुरुस्त करून ठेवू. काही काळ हे चालेलही. पण त्याची हार्डडिस्क फिरून फिरून थकलेली असते, जुन्या जोडणीची नवी डिस्क सहजी मिळत नाही, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे गेला की बंद खोलीतल्या कॉम्प्युटरची काय गत होते ते सांगायला नको. जुनं यंत्र ठेवायचंच असेल तर त्याच्या डिस्कची प्रत आज काढावी. त्यातच विजेची भर. काम चालू असताना आपोआप प्रत राखण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०१२ च्या सीएस ६ पासून आली. त्याआधीच्या आवृत्तीत वीज गेली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं गेलं. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याने यूपीएस ठेवावा आणि लॅपटॉपवाल्यानेही डाव्या हाताला कंट्रोल-एसचा चाळा लावून घ्यावा.

तिसरा मुद्दा परवान्याचा आहे आणि तो गुळमुळीत ठेवून चालणार नाही. जुनं झालेलं सॉफ्टवेअर आपोआप फुकट होत नाही. विक्री थांबली तरी मालकी कंपनीचीच राहते. २०१३ मध्ये ॲडोबीने सीएस २ ची नोंदणीशिवाय चालणारी प्रत उपलब्ध केली तेव्हा ती सगळ्यांसाठी मोफत असल्याची बातमी पसरली. प्रत्यक्षात नोंदणीचे सर्व्हर डिसेंबर २०१२ मध्ये बंद केल्यामुळे ज्यांनी ते विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी केलेली ती सोय होती, हे कंपनीने तेव्हाच सांगितलं. यातून दोन बोध मिळतात. परवाना नसेल तर मोफत प्रोग्राम हाच सरळ रस्ता. आणि परवाना असला तरी नोंदणीसाठी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेला प्रोग्राम आपल्या हातात पूर्णपणे कधीच नसतो. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या ‘तयार’ प्रतीबरोबर व्हायरसही येतात, हे वेगळं सांगायला नको. रिपेंटचीही अशीच शिस्त आहे: सांगाडा ज्याचा, त्याच्या सूचनेच्या फाइलीत परवानगी काय आहे ते वाचावं आणि रंगवलेला डबा इतरांना देताना त्याचं नाव काढून टाकू नये.

चौथा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. जुन्या प्रोग्राममध्ये रंग खरे दिसतात का? दोष बहुधा पडद्याचा असतो. नवे पडदे जुन्यांपेक्षा जास्त भडक रंग दाखवू शकतात, आणि रंगांचा हिशेब न ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये तपकिरी-लाल डबा टोमॅटोसारखा लाल दिसतो. डोळ्याला खटकलं म्हणून तो फिका करत गेलात तर इतरांच्या पडद्यावर तो विटकरी होईल. पडद्याला एसआरजीबी हा पर्याय असेल तर काम करताना तो लावावा, आणि रंग डोळ्यावर न सोडता त्याच्या लाल-हिरव्या-निळ्याच्या आकड्यांत नोंदवून ठेवावा. फोटोवरून रंग उचलताना एकाच फोटोवर विसंबू नये. फिल्मवरचे जुने फोटो पिवळे पडलेले असतात. उन्हातली बाजू पांढुरकी येते. तीन-चार फोटोंतल्या सावलीतल्या बाजूचे आकडे घेऊन त्यांच्या मधला रंग धरावा, आणि ऊन सिम्युलेटर स्वतःच टाकतो हे लक्षात ठेवून चित्रात ते दुसऱ्यांदा टाकू नये.

बाहेर काढण्याची चाचणी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. काम सॉफ्टवेअरशिवाय उघडतं का, हे अंदाजाने ठरवू नये, तपासावं. आपल्या संग्रहातला सर्वांत गुंतागुंतीचा डबा निवडावा. लेअर, मजकूर, पारदर्शक खिडक्या असं सगळं असलेला. जुन्या प्रोग्राममध्ये तो उघडून पीएसडीत सेव्ह करावा. फोटोशॉप असेल तर सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ची खूण असू द्यावी, म्हणजे लेअर न कळणाऱ्या प्रोग्रामलाही निदान पूर्ण चित्र दिसतं. पेंट शॉप प्रोवाल्यांनी तर हे आधी करावं. जॅस्क कंपनीचा तो प्रोग्राम २००४ मध्ये कोरेलकडे गेला आणि त्याची स्वतःची पीएसपी फाइल सगळीकडे उघडत नाही. मग ती पीएसडी गिंपमध्ये उघडून चार गोष्टी क्रमाने बघाव्यात: लेअर वेगळे आलेत का, खिडक्या आरपार आहेत का, मजकूर वाचता येतो का, आणि ठरलेल्या जागेच्या रंगाचे आकडे तेच आहेत का. जे बिघडलं असेल ते जुन्या प्रोग्राममध्ये परत जाऊन साध्या चित्राच्या लेअरमध्ये उतरवावं आणि पुन्हा तपासावं. शेवटी गिंपमधूनच डीडीएस काढून डबा ओपन रेल्समध्ये उभा करावा. तो तिथे नीट दिसला की तुमचं काम मोकळं झालं.

एका डब्याला जमलं की बाकीचे रोज दोन-तीन असे महिन्या-दोन महिन्यांत होतात. प्रत्येक डब्याचं एक फोल्डर करावं. त्यात लेअरची पीएसडी, पूर्ण चित्राची पीएनजी, सिम्युलेटरची डीडीएस, ज्यावरून रंग घेतला ते फोटो आणि एक साधी टेक्स्ट फाइल असावी. टेक्स्ट फाइलीत डब्याचा मार्ग, कोणत्या वर्षीचा रंग आहे ते, रंगांचे आकडे, वापरलेले फाँट, सांगाडा घडवणाऱ्याचं नाव आणि प्रोग्रामची शेवटच्या बिंदूपर्यंतची आवृत्ती लिहावी. ही फाइल कोणत्याही कॉम्प्युटरवर, कोणत्याही खास प्रोग्रामशिवाय उघडते. फोल्डरच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, एक घरात आणि एक घराबाहेर.

मूर्तिजापूरला शकुंतलेची लाइन जिथे मोठ्या लाइनला येऊन भिडे, तिथे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. ते काम कष्टाचं होतं, पण कापसाच्या गठाणी मुंबईला पोचल्या त्या या हातबदलामुळेच. छोट्या डब्याला मोठ्या रुळांवर नेण्याचा खटाटोप कोणी केला नाही. जुना प्रोग्राम चालतोय तोवर त्याला चालू द्या. पण तो चालतोय याच दिवसांत गठाणी उतरवून घ्या, कारण तो बंद पडल्यावर पहिली अडचण येईल ती फाइल उघडण्याचीच.